हाड जोडले, पण चालायला कोण शिकवणार?

सप्टेंबर 2025 मध्ये एक वार्ता देशभरातील वृत्तपत्रांच्या आणि वाहिन्यांच्या विज्ञानविभागात झळकली. चीनच्या झेजियांग प्रांतातील संशोधकांनी ‘बोन-02’ नावाचा अस्थिगोंद तयार केला आहे, अशी ती वार्ता. पाण्याखालच्या खडकाला कालवे ज्या चिवटपणे चिकटून राहतात, त्यावरून ही कल्पना सुचली. रक्ताने ओल्या झालेल्या जागीही हा गोंद मोडक्या हाडाचे तुकडे दोन-तीन मिनिटांत एकमेकांना चिकटवतो आणि पुढे शरीरातच विरून जातो, असा संशोधकांचा दावा आहे. संशोधन कुतूहलाचे आहे आणि ते यशस्वी व्हावे अशीच कोणाचीही इच्छा असेल. परंतु आपल्याकडे ही वार्ता पोहोचेपर्यंत तिच्यातले एक क्रियापद बदलले. ‘हाड तीन मिनिटांत चिकटते’ याचे ‘हाड तीन मिनिटांत बरे होते’ असे झाले.

ही केवळ मथळा लिहिणाऱ्याची घाई म्हणून सोडून देता आली असती. मला ती तशी सोडून द्यावीशी वाटत नाही. कारण हीच चूक आपल्या रुग्णालयांत, सरकारी योजनांत आणि घराघरांत रोज घडते आहे. शस्त्रक्रिया झाली म्हणजे पाय बरा झाला, उरला तो फक्त आरामाचा काळ, अशी आपली समजूत आहे. या समजुतीपोटी दरवर्षी असंख्य माणसे, हाड उत्तम जुळूनही, कायमची लंगडत राहतात. माझे म्हणणे थोडक्यात असे: मोडलेला पाय शस्त्रक्रियेने बरा होत नाही, शस्त्रक्रिया त्याला बरे होण्याची संधी देते. ती संधी पुढच्या तीन-चार महिन्यांत साधली जाते किंवा वाया जाते. आणि नेमक्या त्या महिन्यांकडे आपल्या विज्ञानवार्तांचे लक्ष नाही, आपल्या आरोग्यधोरणाचेही नाही.

प्रथम हाडाकडे पाहू. हाड मोडते तेव्हा त्यातील रक्तवाहिन्याही तुटतात. भंगाच्या जागी रक्ताची गाठ तयार होते, दाह सुरू होतो. आपण ज्या सुजेला शत्रू समजतो, तीच दुरुस्तीची पहिली हाक असते. त्या हाकेसरशी पेशी गोळा होतात आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत दोन्ही टोकांभोवती तंतू व कूर्चा यांचे एक मऊ वेष्टण तयार होते. त्याला कॅलस म्हणतात. मग त्यात खनिज साचू लागते, मऊ कॅलस कठीण होतो आणि ओबडधोबड का होईना, हाड एकसंध होते. त्यानंतर महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, शरीर हे ओबडधोबड बांधकाम तासून घोटून पूर्ववत आकाराचे करत राहते. प्रौढ माणसाच्या नडगीचे हाड एकसंध व्हायला साधारणतः तीन ते चार महिने लागतात, पुष्कळदा त्याहून अधिक. नडगीच्या खालच्या तिसऱ्या भागावर स्नायूंचे आच्छादन कमी आणि रक्तपुरवठा तुटपुंजा असल्यामुळे तिथे विलंब ठरलेलाच. तंबाखू आणि मधुमेह हा काळ आणखी लांबवतात. जगातील कोणत्याही गोंदाने, सळईने वा यंत्रमानवाने हे वेळापत्रक तीन मिनिटांवर आणलेले नाही.

मग धातूचे काम काय? दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी जर्मन शल्यविशारद गेरहार्ड क्युन्त्शर याने मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब सळई घालून अस्थिभंग स्थिर करण्याची पद्धत रूढ करायला सुरुवात केली. आज आपल्याकडे ‘पायात रॉड घातला’ असे म्हणतात तो तिचाच वारस. 1958 मध्ये स्वित्झर्लंडमधील शल्यविशारदांच्या एका गटाने ‘एओ’ ही संघटना स्थापन केली. प्लेट आणि स्क्रूंच्या वापराला तिने शास्त्रीय शिस्त लावली. या शिस्तीचा हेतू, अस्थिभंगाइतकाच, त्या अस्थिभंगामागून येणाऱ्या आजाराशी झुंजणे हा होता. महिनोन् महिने प्लास्टरमध्ये बांधून ठेवलेल्या पायाचे सांधे आखडतात, स्नायू वाळतात, सूज उतरत नाही, हाड ठिसूळ होते. हे टाळायचे तर रुग्णाला लवकर हालचाल करता आली पाहिजे, आणि लवकर हालचाल करायची तर हाड आतून स्थिर हवे. म्हणजे शस्त्रक्रिया हे साधन आणि हालचाल हे साध्य. आपण साधनाचा खर्च पुरा करतो, त्याची छायाचित्रे छापतो, आणि साध्याला विसरतो. लाखभर रुपयांची सळई पायात घालून रुग्णाला दोन महिने अंथरुणावर झोपवून ठेवणे म्हणजे पूल बांधून रस्ता बंद ठेवण्यासारखेच आहे.

इथे एक गोष्ट विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावी. हाडापेक्षा पोलाद सुमारे दहा पट ताठर असते आणि टायटॅनियम पाच-सहा पट. तरीही धातू अमर नाही. चालणाऱ्या माणसाचा एकेक पाय वर्षाकाठी सुमारे दहा लाख वेळा भार घेतो. प्रत्येक पावलागणिक धातूवर ताण येतो आणि उतरतो. या आवर्तनांनी धातू थकतो आणि हाड जुळलेच नाही तर एक दिवस तुटतो. म्हणून अस्थिशल्यशास्त्रात प्रत्येक रॉड आणि प्रत्येक प्लेट ही एका शर्यतीत उतरलेली असते, असे मानतात. धातू थकण्याआधी हाड जुळले पाहिजे. शर्यत जिंकायची ती हाडाने. धातूने फक्त वेळ मिळवून द्यायचा असतो.

आणि हाड ही शर्यत जिंकते कशाच्या बळावर? भाराच्या. 1892 मध्ये बर्लिनच्या ज्युलियस वुल्फने मांडले की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची रचना घडते. भार वाढला की हाड भरते, भार गेला की झिजते. हाडात गाडल्या गेलेल्या अस्थिपेशी हा भार कसा ओळखतात, याचे तपशील पुढे उलगडत गेले. हाड किंचित वाकले की त्याच्या सूक्ष्म नलिकांतील द्रव हलतो आणि त्या प्रवाहाची चाहूल या पेशींना लागते. 1985 मध्ये गुडशिप आणि केनराइट या ब्रिटिश संशोधकांनी मेंढ्यांच्या नडगीच्या हाडांवर प्रयोग करून दाखवले की भंगाच्या जागी दररोज थोडा वेळ दिलेली नियंत्रित सूक्ष्म हालचाल, पूर्णपणे जखडून ठेवण्याच्या तुलनेत, हाड अधिक चांगले जुळवते. हालचाल अति झाली तर नवी ऊती फाटते, हेही तितकेच खरे. प्रश्न ‘हालचाल की आराम’ असा नाहीच; ‘किती, केव्हा आणि कशी’ असा आहे. औषधाला मात्रा असते तशी ती भारालाही असते. गोळीची मात्रा आपण मिलिग्रॅममध्ये लिहून देतो. भाराची मात्रा मात्र ‘जपून चाला’ या दोन शब्दांत संपते.

आता आरामाकडे वळू. 1966 मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे वीस वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता या अवधीत चतुर्थांशाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली आणि जे आढळले ते वैद्यकाच्या इतिहासात नोंदले गेले. विशीतल्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने त्यांची श्रमशक्ती जितकी खालावली होती, तितकी ती पुढच्या तीस वर्षांच्या वयोमानानेही खालावली नव्हती. हे पाचही जण धडधाकट होते. ज्याचा पाय मोडला आहे, रक्त गेले आहे, भूक मंदावली आहे, झोप उडाली आहे, त्याची तीन आठवड्यांत काय गत होत असेल, याचा विचार करा. शिवाय शिरेत रक्ताची गुठळी धरणे, ती फुप्फुसात जाणे, छातीत कफ साचणे, पाठीला जखमा होणे हे धोके आहेतच. वृद्धांच्या बाबतीत तर खुब्याच्या अस्थिभंगानंतर मृत्यू ओढवतो तो बहुधा या अंथरुणामुळे.

दूर जायचे कारण नाही. भारताच्या ताज्या विज्ञानवार्तेतच याचा धडा आहे. 25 जून 2025 रोजी शुभांशु शुक्ला अ‍ॅक्सिअम-4 मोहिमेवर अंतराळात झेपावले, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात 18 दिवस राहिले आणि 15 जुलैला पृथ्वीवर परतले. त्यांच्यासोबत गेलेल्या भारतीय प्रयोगांत बंगळुरूच्या ‘इनस्टेम’ या संस्थेचा एक प्रयोग होता. सूक्ष्मगुरुत्वात स्नायूंचे पुनर्निर्माण कसे होते, हे त्यातून पाहायचे होते. अंतराळात भार नाहीसा होताच वजन पेलणाऱ्या हाडांची खनिजघनता महिन्याला सुमारे 1 ते 1.5 टक्क्याने घटते आणि पायांचे स्नायू त्याहून वेगाने रोडावतात, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक झाले आहे. परतल्यावर शुक्लांना सुमारे आठवडाभराच्या पुनर्वसन कार्यक्रमातून जावे लागले. तज्ज्ञ वैद्य, रोजची तपासणी, मोजून मापून वाढवलेले व्यायाम. पृथ्वीवर पुन्हा चालायला शिकताना त्यांनी टाकलेली पहिली पावले साऱ्या देशाने कौतुकाने पाहिली. ते कौतुक योग्यच होते.

मग मला एवढेच विचारायचे आहे. निवडक, तंदुरुस्त, कसून प्रशिक्षण घेतलेल्या वैमानिकाला अठरा दिवस पायांवर भार न पडल्यामुळे आठवडाभराच्या शास्त्रशुद्ध पुनर्वसनाची गरज भासते, तर जिल्हा रुग्णालयाच्या खाटेवर सहा आठवडे पडलेल्या गवंड्याला, ट्रकचालकाला, शेतमजूर बाईला ती भासत नाही काय? शरीरशास्त्र दोघांना एकच आहे. गुरुत्वाकर्षणाला पारखे होण्यासाठी रॉकेट लागत नाही, खाट पुरते.

हे मी केवळ वाचून लिहीत नाही. गेल्या वर्षी दुचाकीच्या अपघातात माझे नडगीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्कृष्ट झाली; रॉड बसवला गेला. पंधराव्या दिवशी टाके काढताना क्ष-किरण चित्र उजेडासमोर धरून शल्यविशारदांनी समाधानाने मान हलवली. डिस्चार्ज कार्डावर पाच औषधांची नावे, त्यांच्या मात्रा आणि वेळा काटेकोर लिहिलेल्या होत्या. सर्वांत खाली एक ओळ होती, ‘व्यायाम चालू ठेवा’. कोणता व्यायाम, किती वेळा, पाय टेकवायचा का, टेकवला तर किती भाराने, गुडघा किती वाकायला हवा, यांपैकी काहीही नाही. घरी परतल्यावर सर्वांनी एकमुखाने ठरवले की पाय जमिनीला लागू द्यायचा नाही. सहा आठवड्यांनी हाडाचे चित्र सुरेख दिसत होते आणि माझा गुडघा काटकोनातही वाकत नव्हता. दोन्ही मांड्यांना दर्जीची फीत लावून पाहिली, तर एक दुसरीपेक्षा चार बोटे बारीक. पुढे एका भौतिकोपचारतज्ज्ञांनी चार महिने खपून मला चालते केले, आणि त्यांची फी मला परवडली. ही दुसरी बाब योगायोगाची आहे. धोरण योगायोगावर चालत नाही.

घरच्यांना दोष देण्याचे मला कारण नाही. मोडक्या पायाला जपावे ही भावना मायेतून येते. पायांचे सूप, कांडवेल, दुधातली हळद, कॅल्शियमच्या गोळ्या यांतून ती माया व्यक्त होते. पुरेशी प्रथिने, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम हाडाला हवेतच. पण ज्या हाडावर भार नाही, त्याला कितीही चुना-सिमेंट पुरवले तरी गवंडी कामावर येत नाही. शरीरात तो गवंडी म्हणजे भार ओळखणारी पेशी, आणि तिला हाक मारायची ती पावलाने.

‘हे सगळे पाश्चात्त्य खूळ, आपली परंपरा आरामाची’ असे म्हणणाऱ्यांनी सुश्रुतसंहिता उघडावी. सुश्रुताला शल्यचिकित्सेचा जनक म्हणून मिरवणाऱ्यांची आपल्याकडे उणीव नाही. त्याचे भग्नचिकित्सेचे प्रकरण वाचणारे मात्र विरळा. मांडी-नडगीच्या अस्थिभंगासाठी तो रुग्णाला फळीवर स्थिर निजवण्याची रीत सांगतो. आणि तोच सुश्रुत हाताच्या भग्नानंतर काय करावे, तेही सांगतो. रुग्णाच्या हाती आधी मातीचा गोळा द्यावा, मग मिठाचा खडा, आणि हातात बळ आले की दगड. स्थैर्य आधी, त्यानंतर पायरीपायरीने वाढणारा भार. आजच्या भौतिकोपचाराच्या पाठ्यपुस्तकातले तत्त्व याहून वेगळे नाही. परंपरेचा अभिमान बाळगायचा तर तो या मातीच्या गोळ्याचाही बाळगावा.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते खोटे नाहीत.

पहिला आक्षेप शल्यविशारदांचा. रुग्णाने घाईने पाय टेकवला आणि रॉड वाकला किंवा स्क्रू सुटला, तर दुसरी शस्त्रक्रिया कोणी करायची आणि दूषण कोणी घ्यायचे? भीती रास्त आहे. प्रत्येक अस्थिभंग वेगळा असतो. नडगीच्या मधल्या भागातील साधा भंग रॉडने नीट स्थिर झाला असेल तर पुष्कळदा लवकर भार देता येतो. गुडघ्याच्या सांध्यात शिरलेला भंग असेल तर भार अनेक आठवडे रोखावाच लागतो. म्हणून कोणीही ही पोस्ट वाचून आपल्या मनाने पाय टेकवू नये. आपल्या शल्यविशारदांना विचारावे. पण विचारल्यावर उत्तर मिळाले पाहिजे, आणि ते भीतीवर नव्हे, पुराव्यावर बेतलेले हवे. असा पुरावा जमा होत आहे. घोट्याच्या अस्थिभंगावरील शस्त्रक्रियेनंतर पाय दोन आठवड्यांनी टेकवावा की सहा, हे ब्रिटनमध्ये 480 रुग्णांवर तपासले गेले आणि त्याचे निष्कर्ष 2024 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दोन आठवड्यांनी भार दिलेल्यांचा घोटा, सहा आठवडे थांबलेल्यांच्या तुलनेत, कामाला मुळीच उणा ठरला नाही. गुंतागुंतही तितपतच होती. खुब्याच्या अस्थिभंगात तर शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभे करण्याचा प्रयत्न करावा, अशी ब्रिटनची राष्ट्रीय मार्गदर्शिका 2011 पासून सांगते आहे. गोंदाची बातमी देशभर गाजली; घोट्याची ही बातमी आपल्याकडे कोणाच्या वाचनात आली? गोंद अजून आपल्या रुग्णालयांत यायचा आहे. घोट्याबाबतचे ज्ञान उद्या सकाळपासून, एक पैसाही खर्च न करता, वापरता येण्याजोगे आहे.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. इतके भौतिकोपचारतज्ज्ञ आणायचे कोठून? देशात भौतिकोपचाराचे औपचारिक शिक्षण मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1950 च्या दशकाच्या आरंभी सुरू झाले, तेव्हा निमित्त पोलिओचे होते. 1955 मध्ये मुंबईतच हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था उभी राहिली. जयपूरमध्ये 1968 च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद प्रमोद करण सेठी यांनी असे पाऊल घडवले की ते लावून माणूस शेतात अनवाणी चालू शकेल, उकिडवा बसू शकेल. कारण आपल्याकडे जगण्याला तेच लागते. म्हणजे पुनर्वसन हे शास्त्र आहे आणि ते आपल्या मातीत रुजवता येते, हे या देशाला फार पूर्वीपासून माहीत आहे. 2021 मध्ये संसदेने या व्यवसायांसाठी स्वतंत्र आयोगाचा कायदाही केला. पण त्यांच्याविषयी राष्ट्रीय चर्चा कधी रंगली? पुन्हा सप्टेंबर 2025 मध्येच. भौतिकोपचारतज्ज्ञांनी नावामागे ‘डॉक्टर’ लावू नये, असे पत्र आरोग्य सेवा महासंचालनालयाने काढले आणि लगोलग ते मागेही घेतले. त्या वादावर चर्चा झडल्या. त्यांना कोणत्या नावाने हाक मारायची, याची चिंता देशाने केली. तालुक्याच्या रुग्णालयात हाक मारल्यावर ओ देणारा कोणी आहे का, हा प्रश्न त्या गदारोळात कोणाला सुचला नाही.

आणि आता पैशाचा प्रश्न, जो खरा प्रश्न आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 4,61,312 रस्ते अपघात झाले. त्यांत 1,68,491 माणसे मेली आणि 4,43,366 जखमी झाली. मृतांचा आकडा दरवर्षी मथळ्यात येतो. जखमींचा आकडा तिथेच पूर्णविराम घेतो. त्यांतले किती पुन्हा चालू लागले, किती कामावर परतले, हे त्या आकडेवारीत नसते. मे 2025 पासून रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचारांची योजना लागू झाली. ती स्वागतार्ह आहे आणि तिच्यामुळे जीव वाचतील. तिची मर्यादा दीड लाख रुपयांची आणि अपघातापासून सात दिवसांची. आयुष्मान भारत योजना 2018 पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार देते. रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचा खर्च ती 15 दिवसांपर्यंत सोसते, आणि बाह्यरुग्ण उपचार तिच्या कक्षेत येत नाहीत.

हे आकडे एका रेषेवर मांडून पाहा. सात दिवस. पंधरा दिवस. आणि हाडाचे तीन-चार महिने. शरीरातला मऊ कॅलस अजून धड तयारही झालेला नसतो, तोच शासनाच्या लेखी रुग्ण बरा झालेला असतो. यानंतरचा सगळा काळ त्याने स्वतःच्या खिशातून काढायचा, आणि तेही कमाई थांबलेली असताना. भौतिकोपचाराच्या एका बैठकीची फी आणि तिथवर जाण्या-येण्याचे रिक्षाभाडे मिळून दिवसाच्या मजुरीचा मोठा वाटा जातो. मग बैठका थांबतात. गुडघा आखडतो. उकिडवे बसता येत नाही, म्हणजे शेतातली खुरपणी गेली. शिडी चढता येत नाही, म्हणजे बांधकामावरचे काम गेले. क्लच दाबता येत नाही, म्हणजे वाहनाची चावी गेली. ज्या शस्त्रक्रियेवर सार्वजनिक पैसा खर्च झाला, तिचे फळ हातातोंडाशी येऊन निसटते. मला हा प्रश्न दयाबुद्धीचा वाटत नाही, साध्या हिशेबाचा वाटतो. पेरणीचा खर्च उचलायचा आणि पाण्याच्या दोन पाळ्यांचा नाकारायचा, असा शेतकरी कोणी पाहिला आहे काय?

भौतिकोपचारतज्ज्ञ गावोगाव लगेच निर्माण होणार नाहीत, हे मान्य. पण काही गोष्टी आजच होऊ शकतात. डिस्चार्ज कार्डावर भाराची मात्रा लिहिणे बंधनकारक करता येईल: अमुक तारखेपर्यंत पाय टेकवू नये, तमुक तारखेपासून अंगठा टेकवावा, त्यानंतर अर्धा भार, मग पूर्ण. अर्धा भार म्हणजे किती, हे घरातल्या वजनकाट्यावर पाय दाबून रुग्णाला शिकवता येते. त्याला पाच मिनिटे लागतात. रुग्ण घरी जाण्यापूर्वी एकदा तरी भौतिकोपचारतज्ज्ञांनी त्याला कुबड्या किंवा वॉकर घेऊन चालवून पाहावे. मातृभाषेत सचित्र एक पान द्यावे. आशा कार्यकर्ती बाळंतिणीची विचारपूस करते तशी, थोड्या प्रशिक्षणानंतर, मोडक्या पायाचीही करू शकेल. अर्थात त्या कामाचा मोबदला देऊन. आणि शासकीय योजनांनी अस्थिभंगाच्या शस्त्रक्रियेसोबत पुढच्या तीन महिन्यांच्या ठराविक भौतिकोपचार बैठका एकाच संचात बांधाव्यात. रुग्णालयाला शेवटचा हप्ता रुग्ण चालू लागल्यावर मिळाला, तर तो चालावा म्हणून रुग्णालयही झटेल.

राहिली विज्ञानवार्ता. ती लिहिणाऱ्यांना आणि वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे. यापुढे अस्थिभंगावरील नव्या गोंदाची, यंत्रमानवाने केलेल्या शस्त्रक्रियेची किंवा छापील सांध्याची बातमी येईल, तेव्हा चार प्रश्न विचारा. हा प्रयोग किती रुग्णांवर झाला आणि त्यांचा पाठपुरावा किती महिने केला गेला? तुलना कशाशी केली? क्ष-किरण चित्राखेरीज रुग्णाच्या चालण्याचे, बसण्याचे, कामावर परतण्याचे मोजमाप झाले का? आणि शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीचा खर्च कोणी उचलला? ज्या बातमीत यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नाही, ती विज्ञानवार्ता नव्हे, विक्रीपत्रक आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी जे वैद्यक, भौतिकोपचार, अभियांत्रिकी वा संख्याशास्त्र शिकत असतील, त्यांच्यासाठी इथे संशोधनाचे ओसाड रान पडले आहे. चपलेच्या तळव्यात बसणारा, भार जास्त झाला की आवाज करणारा स्वस्त संवेदक बनवायचा आहे. उकिडवे बसणे, मांडी घालणे, भारतीय शौचकूप वापरणे यांचा समावेश असलेल्या, आपल्या जगण्याला साजेशा मोजपट्ट्या अस्थिभंगाच्या रुग्णांसाठी रुळवायच्या आहेत. जिल्हा रुग्णालयातून घरी गेलेला रुग्ण सहाव्या महिन्यात कसा चालतो, हे त्याच्या दारी जाऊन नोंदवायचे आहे. यांतल्या कशालाही महागडी प्रयोगशाळा लागत नाही. कदाचित म्हणूनच ते कोणाला विज्ञान वाटत नसावे.

भारतीय अंतराळवीर परतला तेव्हा त्याच्या पहिल्या पावलांचे चित्रण देशाने पाहिले. आज या क्षणी कुठल्यातरी तालुक्याच्या गावी एक बाई भिंतीचा आधार घेत, पाय टेकवू की नको अशा संभ्रमात, अंगणात उभी आहे. तिच्या पायात देशाच्या पैशाने घातलेली सळई आहे. तिला कोणी काही सांगितलेले नाही. तिचे ते पहिले पाऊल हीसुद्धा विज्ञानाचीच बातमी आहे.